'किरकोळ' नावाची फाईल आणि इतर दुखणी

मागच्या अंकात एका ओळीत सहज लिहिलं होतं की ऑफिसात कागद वेळेवर सापडत नसतील तर कळवा, आणि लोकांनी खरंच कळवलं. बहुतेकांचं रडगाणं एकच आहे, शब्द तेवढे वेगळे. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. नावं दिलेली नाहीत, कारण दोघातिघांनी आपल्या साहेबांबद्दल जरा जास्तच मोकळेपणाने लिहिलंय.

प्रश्न: ताई, मी नुकतीच एका लहान ऑफिसात लागले. आधी जी व्यक्ती होती ती सोडून गेली आणि तिचं कपाट माझ्या गळ्यात पडलं. आत भरपूर फायली आहेत, त्यातल्या तिघांवर 'किरकोळ' लिहिलंय, एकावर 'किरकोळ नवीन', एकावर 'महत्त्वाचे', आणि एकावर नुसतं 'साहेब'. कुणी काही मागितलं की अख्खं ऑफिस उठून शोधायला लागतं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी बसून सगळं बाहेर काढून नव्याने लावू का?

उत्तर: नको. सुट्टी सुट्टीसारखी घ्या. सगळं जमिनीवर काढलं की दुपारपर्यंत उत्साह असतो, मग संध्याकाळ होते, गठ्ठे अर्धे राहतात आणि सोमवारी कुणीतरी ते उचलून परत कपाटात कोंबतं, तेही उलटसुलट, म्हणजे आधी निदान 'किरकोळ'मध्ये तरी असेल अशी जी आशा होती तीपण गेली.

दोन कामं वेगळी करा. आजपासून येणारा कागद नव्या पद्धतीने लावायचा. जुनं कपाट आहे तसं राहू दे, त्यातला कागद कुणी मागितला की तो काढायचा, काम झालं की परत जुन्या जागी न ठेवता नव्या फाईलमध्ये ठेवायचा. काही महिन्यांत जे लागतं ते आपोआप इकडे येतं, आणि उरतं ते बहुतेक कुणालाच नको असलेलं असतं. त्याचं काय करायचं ते शेवटच्या प्रश्नात आहे.

आता नवी पद्धत कशी ठरवायची. आधी एक छोटी वही घ्या आणि आठवडा दोन आठवडे फक्त एवढंच करा, कुणी काही मागितलं की ते ज्या शब्दांत मागितलं त्याच शब्दांत लिहून ठेवा. 'ते लिफ्टवाल्याचं कागद कुठंय', 'मागच्या वेळचा इन्शुरन्स काढ', 'त्या पोराचं जॉइनिंग लेटर'. आणि मग कपाट उघडून बघा, लिफ्टचं कागद कुठल्या फाईलमध्ये असतं? 'वार्षिक देखभाल करार'. आता मला सांगा, घाईत असलेला माणूस 'वार्षिक' कशाला शोधेल, तो लिफ्टच शोधणार ना. लेबल लिहिणाऱ्याला वाटतं आपण छान ऑफिशियल भाषेत लिहिलं, पण शोधणाऱ्याच्या तोंडात जो शब्द आहे तो लेबलवर पहिला यायला हवा. 'लिफ्ट: करार, बिलं, तक्रारी'. झालं.

वहीतल्या नोंदी बघून मोठे गट पाडा. साधारण ऑफिसात हिशोब, बँक, स्टाफ, जागा, ग्राहक, सप्लायर, मशिनरी आणि परवाने, एवढ्यात बहुतेक सगळं बसतं. गट आठ दहाच्या वर गेले की डोक्यात राहत नाहीत, आणि तीनचारच असले की प्रत्येक फाईल फुगते. प्रत्येक गटाला एक नंबर आणि आतल्या फाईलला दुसरा, म्हणजे 'जागा' हा ४ असेल तर भाडेकरार ४/१, वीज ४/२, लिफ्ट ४/३. हा नंबर फाईलच्या पाठीवर मोठ्या अक्षरात, आणि कागद फाईलला लावायच्या आधी त्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने. पेन्सिलची सवय लावाच, कारण टेबलावर पसरलेले कागद परत लावताना विचारच करावा लागत नाही, शिपाईसुद्धा लावू शकतो. गट एका रंगाच्या लेबलचा ठेवला तर चुकून दुसऱ्या गटात घुसलेली फाईल लांबूनच दिसते.

मग सगळ्या फायलींची यादी एका कागदावर, नंबर आणि नाव, आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. यादी कंप्युटरमध्ये पण ठेवा, पण दारावरची जास्त कामाची, कारण शोधणारा माणूस कपाटासमोर उभा असतो, कंप्युटरसमोर नाही. नवी फाईल उघडली की आधी यादीत नोंद, मग लेबल. हा क्रम उलटा झाला की महिन्याभरात एकाच विषयाच्या दोन फायली तयार होतात.

राहिली 'किरकोळ'. मी तिच्या विरोधात असले तरी ती बंद करा म्हणणार नाही, कारण बंद केली की लोक ते कागद ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि ड्रॉवरला यादी नसते. एकच नियम करा. किरकोळमध्ये एकाच विषयाचा तिसरा कागद आला की त्या विषयाची स्वतंत्र फाईल उघडायची आणि तिन्ही कागद तिकडे हलवायचे. आणि 'किरकोळ नवीन' कधीच नाही! जुनी भरली म्हणजे तिच्यातून काहीतरी बाहेर काढायची वेळ आली.

'महत्त्वाचे' आणि 'साहेब' या दोन फायली मात्र आजच फोडा. महत्त्वाचं म्हणजे काय हे लिहिणाऱ्यालाच माहीत असतं आणि तो तर गेला. 'साहेब'मध्ये काय निघालं ते मला नक्की कळवा.

प्रश्न: आमचा घोळ असा आहे की एकच कागद दोन ठिकाणी बसतो. ज्यांच्या जागेत आमचं ऑफिस आहे तेच आम्हाला फर्निचरही पुरवतात. त्यांचं एक पत्र आलं, त्यात भाड्याचंही आहे आणि टेबलांच्या डिलिव्हरीचंही. मी झेरॉक्स काढून दोन्हीकडे लावते, पण मग फायली फुगतात.

उत्तर: फुगतात ते सोडा, झेरॉक्सचा खरा त्रास वेगळाच आहे. साहेब एका प्रतीवर शेरा मारतात, 'ठीक, रक्कम द्यावी', आणि दुसरी प्रत कोरीच राहते. सहा महिन्यांनी जो कोरी प्रत बघतो तो म्हणतो याला मंजुरीच नाही. दोन प्रती फिरायला लागल्या की कुठली खरी हा नवीन वाद सुरू होतो.

मूळ कागद एकाच जागी. कुठे? हा कागद पुढच्या वेळी जो मागेल तो काय म्हणून मागेल ते बघा. भाड्याचा मुद्दा पुढची कित्येक वर्षं चालणार आणि टेबलं एकदा आली की विषय संपला, म्हणून पत्र 'जागा'मध्ये. आणि फर्निचरच्या फाईलमध्ये त्या जागी एक रंगीत चिठ्ठी, पूर्ण ए४ आकाराची, छोटी नको कारण छोटी हरवते. तिच्यावर पत्राची तारीख, कुणाचं आहे, आणि 'मूळ पत्र ४/१ मध्ये'. बास. तारीख लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहायची सवय केली तर चिठ्ठ्या आणि कागद लावायला सोपं जातं आणि ३ तारीख की तिसरा महिना हा गोंधळ पण मिटतो.

आणि खरंच अगदी निम्मं निम्मं असेल तर? तर नाणं उडवा आणि चिठ्ठी लावा. चिठ्ठी असेल तर मूळ कागद कुठल्या बाजूला आहे याने फार फरक पडत नाही.

प्रश्न: ग्राहकांच्या फायली आम्ही नावाने लावतो. पण काही नावं इंग्रजीत, काही मराठीत, एकच ग्राहक तीन स्पेलिंगने तीन फायलींत सापडला. मराठी क्रमाने लावावं का?

उत्तर: कुठल्याही एका लिपीत लावा, पण एकाच. तुमची बिलं ज्या लिपीत निघतात तीच घ्या. मराठी क्रम घेतला तर आधी एक गोष्ट ठरवा, क्ष आणि ज्ञ कुठे? काही जण ते शेवटी, ह आणि ळ च्याही नंतर ठेवतात आणि काही जण क आणि ज च्या आतच लावतात. दोन्ही चालतं, पण ऑफिसात दोघंजण दोन प्रकारे लावत असतील तर फाईल कपाटाच्या दुसऱ्या टोकाला सापडते, ती पण नशीब असेल तर. श्री, सौ, डॉ, मेसर्स हे क्रमात धरायचे नाहीत. आडनाव आधी की नाव आधी हेही ठरवा. हे सगळे नियम एका कागदावर लिहून फायलींच्या रांगेच्या अगदी सुरुवातीला लावून ठेवा म्हणजे नवीन माणसाला कुणी शिकवायला नको.

ग्राहक शेकड्यांत गेले की मात्र नाव सोडा, नंबर द्या. नावं बदलतात, भागीदार बदलतात, दोन ग्राहकांचं नाव सेम निघतं, नंबरला यातलं काही होत नाही. फक्त मग नावावरून नंबर शोधायला एक रजिस्टर किंवा कंप्युटरमधली यादी लागते आणि तीन स्पेलिंगचा प्रश्न तिथेच सुटतो, तिन्ही स्पेलिंगसमोर एकच नंबर.

जिथे हजारो फायली असतात, जसं मोठ्या हॉस्पिटलात पेशंटचे पेपर, तिथे एक वेगळीच युक्ती वापरतात आणि मला ती फार आवडते. सहा आकडी नंबर दोन दोनच्या जोड्यांत उजवीकडून वाचायचा. १४-२३-६७ ही फाईल ६७ नंबरच्या भागात जाते, त्यात २३ च्या गटात, आणि तिथे चौदावी. का? कारण सरळ क्रमाने लावलं तर सगळ्या नव्या फायली शेवटच्याच रॅकवर साचतात, गर्दी तिथेच, आणि जुन्या काढून टाकल्या की सगळं मागे सरकवत बसा. उजवीकडून वाचलं की नव्या फायली ०० ते ९९ अशा शंभरही भागांत सारख्या वाटल्या जातात. तुमच्या ऑफिसला बहुतेक लागणार नाही, पण माहीत असलेलं बरं.

प्रश्न: फायली लावल्या छान, पण लोक नेतात आणि परत देत नाहीत. विचारलं तर 'माझ्याकडे नाही'.

उत्तर: तो खोटं बोलत नसतो हो. त्याने पुढे तिसऱ्याला दिलेली असते.

जाड पुठ्ठ्याची कार्डं बनवा, फाईलपेक्षा थोडी उंच आणि डोळ्यात भरेल अशा रंगाची. जो फाईल काढेल त्याने त्याच जागी कार्ड ठेवायचं, त्यावर फाईल नंबर, नाव, तारीख. फाईल हाताबाहेर तिसऱ्याला द्यायची असेल तर ज्याचं नाव कार्डावर आहे तोच जबाबदार, मग बघा किती आठवण येते. साहेबांनी नेली तर साहेबांचंही कार्ड, याबाबतीत भीड ठेवली की पद्धत गेलीच समजा. दुसरं म्हणजे परत आलेली फाईल लोकांना स्वतः कपाटात ठेवू देऊ नका. कपाटाजवळ एक ट्रे ठेवा, फाईल त्यात टाकायची, आणि जागेवर एकाच माणसाने लावायची, रोज संध्याकाळी. चुकीच्या जागी लागलेली फाईल हरवलेल्या फाईलपेक्षा वाईट, कारण हरवलेली निदान शोधतात तरी.

महिन्यातून एकदा कार्डांवर नजर फिरवायची. जुन्या तारखेचं कार्ड दिसलं की त्या माणसाच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं. बोलायचंही नाही.

प्रश्न: बॉक्स फाईल वापरावी, टॅगची साधी फाईल की लटकणारे फोल्डर? आमच्या बॉक्स फायलींची भोकं फाटतात आणि कागद निखळून पडतात.

उत्तर: भोकं फाटतात याचं कारण बहुतेक दोन, फाईल तिच्या ताकदीपेक्षा जास्त भरलेली आणि पंच वाकडा मारलेला. साधा हिशोब बघा. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, ए४ कागद जवळजवळ ५ ग्रॅमचा असतो, म्हणजे ५०० कागदांचं एक रीम अडीच किलो आणि जाडी साधारण ५ सेंटीमीटर. ७-८ सेंटीमीटर पाठीच्या बॉक्स फाईलमध्ये ५०० च्या आसपास कागद आले की थांबायचं, कारण वापरलेला कागद, पिना, घड्या, चिकटवलेल्या पावत्या हे सगळं कोऱ्या रीमपेक्षा जास्त जागा खातं. एका फळीवर अशा दहा फायली म्हणजे पंचवीस किलोच्या वर गेलात, म्हणून भरलेल्या फायली खालच्या फळ्यांवर.

पंचचं म्हणाल तर दोन भोकांचं माप ठरलेलं आहे, आयएसओ ८३८ म्हणून आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे त्यात दोन भोकांमध्ये ८० मिलिमीटर, भोक ६ मिलिमीटरचं, आणि कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत १२ मिलिमीटर. कागदाची कड मधोमध हलकी चिमटून खूण करायची आणि ती पंचच्या मधल्या बाणाला लावायची, किंवा पंचला सरकणारी पट्टी असते ती बाहेर ओढून एकदा ए४ वर ठेवायची. बरेच जण ती पट्टी आयुष्यात कधी ओढतच नाहीत. हे पंच आणि रिंगवाली फाईल तसं जुनं प्रकरण आहे, जर्मनीत फ्रीडरिश झोनेकेन यांनी १८८६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि पुढे दहाएक वर्षांनी लुई लाइट्झ यांनी खटक्याची दांडी बसवून त्याला आजच्या बॉक्स फाईलचं रूप दिलं. त्याआधी कागद घडी घालून खणात कोंबायचे आणि बाहेरच्या बाजूला दोन ओळी लिहायच्या. उभ्या ड्रॉवरमध्ये फोल्डर लावायची पद्धत तर शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात नवलाई म्हणून मांडली होती.

कुठलं कधी वापरायचं? जे कागद क्रमाने येतात आणि मधून काढायचे नसतात, बिलं, व्हाउचर, बँकेची स्टेटमेंट, ते बॉक्स फाईलला. ज्या विषयात रोज कागद आत बाहेर होतात तिथे लटकणारे फोल्डर, पंचच नको. टॅगची फाईल एका संपलेल्या प्रकरणासाठी चांगली, पान नंबर घालून कायमची बांधून टाकायला, चालू कामाला मात्र ती छळते कारण मधलं एक पान काढायला वरची सगळी उतरवावी लागतात. मूळ करार, सर्टिफिकेट, परवाना यांना भोक पाडूच नका, कडेला भोकं असलेले प्लास्टिकचे पाऊच मिळतात त्यात घाला.

आणि ड्रॉवरवालं कॅबिनेट असेल तर एका वेळी एकच ड्रॉवर उघडायचा. वरचे दोन भरलेले ड्रॉवर एकदम ओढले की अख्खं कॅबिनेट पुढे येतं, ही गंमत नाही. चांगल्या कॅबिनेटला एक उघडला की बाकीचे लॉक होतील अशी सोय असते, नसेल तर मागून भिंतीला बांधून घ्या.

प्रश्न: मशीनमधून येणाऱ्या गुळगुळीत पावत्या वर्षभरात कोऱ्या होतात. लॅमिनेशन करावं का?

उत्तर: अजिबात नाही, लॅमिनेशनच्या उष्णतेने ती आख्खी काळी होईल. तो थर्मल कागद, त्यावर शाई नसतेच, उष्णता लागली की त्यावरचा थर काळा पडतो आणि अक्षरं उमटतात. म्हणूनच ऊन, गरम जागा, काही प्रकारचं मऊ प्लास्टिक आणि सेलोटेप, सगळ्यांनी ती बिघडते. आली त्या दिवशीच झेरॉक्स काढा, झेरॉक्स फाईलला लावा आणि मूळ पावती तिच्यामागे कागदी पाकिटात. टेप अक्षरांवर कधीच नको.

यातच बाकीचं सांगून टाकते. रबरबँड काही वर्षांत वितळून कागदाला चिकटतं. पिना दमट हवेत गंजतात आणि गंजाचा डाग पुढच्या चारपाच पानांवर उतरतो, म्हणून जे वर्षानुवर्षं ठेवायचं त्याच्या पिना काढा. कपाट भिंतीला टेकवू नका, थोडी हवा खेळू द्या, सगळ्यात खालची फळी जमिनीपासून वीतभर तरी वर असू दे. कसर आणि वाळवीला ओल आणि अंधार आवडतो, डांबरगोळ्यांपेक्षा कोरडेपणा जास्त कामाला येतो.

प्रश्न: मी एकटाच काम करतो, घरून. हे गट आणि कार्डं माझ्यासाठी जास्तच होतं.

उत्तर: होतंच. तुमच्यासाठी युकिओ नोगुची या जपानी अर्थशास्त्रज्ञांची पद्धत बघा. गट नाहीतच. प्रत्येक कामाचं एक ए४ पाकीट, कडेला नाव आणि तारीख, सगळी पाकिटं फळीवर उभी. नवं पाकीट डाव्या टोकाला. कुठलंही पाकीट काढलं की परत ठेवताना पूर्वीच्या जागी न ठेवता डाव्या टोकाला. हळूहळू चालू कामं डावीकडे गोळा होतात आणि हात न लागलेली उजवीकडे सरकत जातात, तिथून मग टाकायची किंवा बांधून ठेवायची. शोधताना बहुतेक डावीकडची मूठभर पाकिटंच चाळावी लागतात. दोन माणसं आली की मात्र ही कोसळते, कारण तुम्ही शेवटचं कधी काय वापरलं ते दुसऱ्याला कुठून माहीत असणार.

प्रश्न: सगळं स्कॅन केलंय, तर कागद टाकून देऊ? आणि जुने कागद किती वर्षं ठेवायचे?

उत्तर: आधी मला सांगा स्कॅनच्या फोल्डरचं नाव काय आहे. 'स्कॅन', 'स्कॅन नवीन' आणि 'डेस्कटॉप' असेल तर कागद टाकू नका. कागदाचा जो नंबर तोच स्कॅनचा, ४/३ ची फाईल तर ४/३ चंच फोल्डर, आणि फाईलच्या नावात तारीख वर्षापासून सुरू. काही स्कॅन उघडून बघा, पाठपोट कागदाची मागची बाजू आली आहे का, शिक्का वाचता येतो का. आणि बॅकअप दुसऱ्या जागी आहे का.

सही शिक्क्याचे मूळ करार, मालमत्तेचे कागद, परवाने हे स्कॅन झाले तरी ठेवायचे. हिशोबाचे आणि स्टाफचे कागद किती वर्षं ठेवायचे हे तुम्हाला लागू असलेल्या कायद्याने ठरतं, ते अकाउंटंटला आणि वकिलाला एकदाच विचारून तक्ता करा, गटाप्रमाणे. मी इथे एकच आकडा सगळ्यांना दिला तर कुणीतरी नक्की अडकेल. एखादं प्रकरण कोर्टात किंवा तपासणीत चालू असेल तर मुदत संपली तरी त्याला हात लावायचा नाही.

वर्ष संपलं की त्या वर्षाच्या फायली बंद करून खोक्यात, आणि खोक्यावर काय आहे, कुठल्या वर्षाचं, आणि कुठल्या वर्षानंतर नष्ट करता येईल, हे तिन्ही त्याच दिवशी लिहा. पुढे कुणीच खोकं उघडून ठरवत बसत नाही, नुसतंच ठेवत राहतात. नष्ट करताना एक यादी करा, कुठल्या फायली, कुठल्या काळातल्या, कधी आणि कशा नष्ट केल्या, खाली जबाबदार माणसाची सही. ही यादी कायम ठेवायची. नावं, पगार, खाते नंबर असलेले कागद रद्दीत न देता श्रेडरमधून काढा, आणि श्रेडर घेताना लांब पट्ट्या काढणारा नको, बारीक तुकडे करणारा घ्या, पट्ट्या जोडून वाचता येतात.